मारित झोपली आहे

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून दुपार नावाची गोष्टच उरत नाही. चहा टाकावा आणि तो उकळेपर्यंत बाहेर अंधार. घड्याळात साडेचार. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या डून लेरीच्या बंदरात उभ्या असलेल्या शिडाच्या होड्यांच्या दोऱ्या वाऱ्याने डोलकाठ्यांवर आपटतात आणि त्यांचा बारीक किणकिणाट आमच्या गल्लीपर्यंत येतो. इथल्या पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, शेजारी कुणीतरी पूजेला बसलंय. बारा वर्षं झाली. अजूनही तो आवाज आला की हातातलं काम क्षणभर थांबतं. पण आता पूजा आठवत नाही, आस्ट्रिडचं स्वयंपाकघर आठवतं.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. त्या सप्टेंबरात माझी नोकरी गेली होती. औषधांच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासायचे. पाकिटावरच्या अक्षराची मात्रा केसभर सरकलेली असली तरी माझ्या नजरेतून सुटायची नाही. कारखान्याने आमचा अख्खा विभागच बंद केला. नवरा, मंदार, सकाळी डार्टच्या लोकल गाडीने शहरात जायचा आणि मी घरात एकटी उरायचे. साताऱ्याला आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रोज एक वाजता तिचा फोन यायचा. जेवणाची सुट्टी आहे असं मी भासवायचे आणि म्हणायचे, "सगळं छान आहे गं."

आस्ट्रिड आमच्या शेजारच्या घरात राहायची. चौऱ्याऐंशी वर्षांची, उंच, ताठ. जन्म अमेरिकेतला, डकोटाच्या माळरानावरचा; घराणं मूळचं नॉर्वेचं. बोटीवरच्या एका आयरिश इंजिनिअरशी लग्न करून ती साठ वर्षांपूर्वी इथे आली आणि आता तो नव्हता. सगळे तिला आस्ट्रिड म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे, पण माझ्या मनातल्या मनात त्याला 'अहो' जोडलेलं असायचं. तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोर बघितलं की समोरचं नेमकं पुसलं जायचं, कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे मला बघायचं असलं की ती माझ्या खांद्यापलीकडे बघायची. पहिल्यांदा तिच्याशी बोलताना मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

ती दारात आली ती एक पत्र घेऊन. छापील होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. अमेरिकेला गेलेल्या नॉर्वेजियन लोकांची खाजगी कागदपत्रं जपणारी एक संस्था तिकडे आहे, तिचं ते पत्र. तुमच्याकडची ट्रंक आम्हाला हवी आहे, असं त्यात लिहिलं होतं. पत्रं, पाककृतींचे कपटे, बियाण्यांची पाकिटं, काहीही टाकून देऊ नका. पुसू नका, इस्त्री करू नका, टाचण्या काढा, रबर लावू नका, लिहायचं तर पेन्सिलीने. आणि शक्य असल्यास प्रत्येक कागदात काय आहे ते दोन ओळींत लिहून पाठवा.

"तुला दुपारी वेळ असतो," आस्ट्रिड म्हणाली. तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

ट्रंक तिच्या मागच्या खोलीत होती. निळ्या लाकडावर लाल फुलं रंगवलेली, कडेला लोखंडी पट्ट्या. ती नॉर्वेहून शिडाच्या जहाजातून अमेरिकेला गेली होती आणि आस्ट्रिडची आई वारल्यावर समुद्र ओलांडून पुन्हा अलीकडे आली होती. झाकण उघडलं की थंड वास यायचा. कुबट नाही, थंड. उन्हाळ्यात बंद असलेल्या शाळेच्या वर्गासारखा.

पत्रं तिच्या पणजीची होती. गुनहिल्ड तिचं नाव. दीडशे वर्षांपूर्वीचं वळणदार, टोकदार अक्षर. त्यात एस आणि एफ सारखेच दिसत. संस्थेने जुन्या अक्षरांचा एक तक्ता पाठवला होता, तो मी आठवडाभर गिरवला. आकार ओळखणं हेच तर माझं काम होतं. पण भाषा मला येत नव्हती. आणि आस्ट्रिडला भाषा येत होती, लहानपणी आजीकडून कानावर पडलेली, पण अक्षर दिसत नव्हतं. म्हणून आम्ही असं ठरवलं, की तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एकेक शब्द उच्चारायचा, अर्थाच्या वाटेला जायचं नाही. तिने ऐकायचं आणि मला इंग्रजीत सांगायचं. मी पेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या.

पहिल्या पत्राची सुरुवात मी वाचली. "मोर," असं काहीतरी होतं. मला बर्फात उभा राहिलेला मोर दिसला आणि हसू आलं. आस्ट्रिड हसली नाही. म्हणाली, "मोर म्हणजे आई. पत्र आईला आहे."

सगळीच पत्रं आईला होती. जहाज, आजारपण, रेल्वे, मग माळरान, मातीच्या ढेपांचं घर. नवरा उले, आणि जहाजावर कडेवर असलेली मारित नावाची तान्ही मुलगी. जवळचं शेजारघर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी वाचत जायचे, आस्ट्रिड डोळे मिटून ऐकायची, मध्येच हात वर करायची. मी थांबायचे. माझ्या सातारी जिभेवरून निघालेले ते आवाज तिच्या कानात जाऊन कुणाच्या तरी आवाजात बदलत असावेत. कारण कधी कधी ती मला नॉर्वेजियनमध्येच उत्तर द्यायची. हळू, लहान मुलीसारखं. मग तिच्या लक्षात यायचं आणि ती, इथले लोक 'ठीक आहे'साठी म्हणतात तसं, म्हणायची, "ग्रँड. पुढे वाच."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक वेगळा गठ्ठा निघाला. लोकरीच्या धाग्याने बांधलेली, पाकिटात न घातलेली पत्रं. ही कधी पाठवलीच नव्हती. पहिलं उलगडलं तेव्हा टेबलावर बारीक टकटक झाली. गव्हाचे दाणे. तीन-चार, काळपट, वाळून हलके झालेले. दुसऱ्यातही होते. तिसऱ्याच्या घडीत तर तूसही होतं. मला वाटलं, उंदरांनी नेऊन ठेवले असतील. संस्थेला विचारलं, तर तिथल्या बाईंनी कळवलं की फेकू नका, कागदाच्या पुड्या करा आणि कोणता दाणा कोणत्या पत्रातला ते वर लिहा.

त्या पत्रांमध्ये एक वाक्य परत परत यायचं. "मारित सोवेर." त्याचा अर्थ आस्ट्रिडने सांगितला: मारित झोपली आहे. आधीच्या पत्रांत मारित रडायची, रांगायची, शेगडीला हात लावायची. इथे ती झोपलेली. बाहेर वादळ, मारित झोपली आहे. उले लाकडं आणायला गेला, मारित झोपली आहे. आज मी तिच्याजवळ बसून लिहिते आहे, शाई गोठते म्हणून दौत कुशीत धरली आहे, मारित झोपली आहे, सगळं ठीक आहे. दर पत्राच्या शेवटी 'सगळं ठीक आहे'. एक शब्द मात्र मला न सांगताच कळायचा, कारण तो इंग्रजीसारखाच होता, कोल्ड. मी तो हवेबद्दल असेल असं धरून चालले होते.

सहाव्या की सातव्या पत्राला आस्ट्रिडने हात वर केला आणि खाली घेतलाच नाही.

"ते वाक्य परत वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"हवा थंड आहे असं नाहीये ते," ती माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली. "ती थंड आहे, असं आहे."

बाहेर अंधार पडला होता. दिवा लावायला मी उठले नाही. टेबलावर कागदाच्या पुड्या ओळीने ठेवल्या होत्या आणि एकदम मला ते दाणे कुठून आले ते समजलं. आस्ट्रिडला माझ्याआधीच समजलं असावं. तिने शांतपणे सांगितलं, की तिच्या लहानपणी गावातले म्हातारे बोलायचे, हिवाळ्यात माणूस गेलं की गोठलेली जमीन फोडता यायची नाही. कुदळ आपटून परत यायची. मग माणसाला धान्याच्या कोठारात ठेवायचे, वसंतापर्यंत.

गुनहिल्ड ती पत्रं घरात बसून लिहीत नव्हती. कोठारात बसून लिहीत होती.

मी घरी आले. मंदारला म्हटलं, आज तू बाहेरूनच काहीतरी आण. अंगावर शाल घेऊन हीटरजवळ बसले तरी बोटं गरम होईनात. सहा पत्रं मी माझ्या तोंडाने वाचली होती. ती बाई जे कुणाला सांगू शकली नाही, स्वतःलाही नाही, ते मी अर्थ न समजता, स्पष्ट उच्चारात, चहाचे घोट घेत वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला आणि मी नेहमीप्रमाणे 'सगळं छान' म्हणायला तोंड उघडलं. ते निघेना. मी तिला सांगितलं, नोकरी गेली, दोन महिने झाले. ती आधी रडली, मग चिडली. दोन महिने मी रोज तुझ्या नवीन प्रोजेक्टचं विचारत होते आणि तू मला सांगत होतीस, म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस मी 'बरी आहे' म्हटलं की ती विचारायची, खरं ना. अजूनही विचारते.

पण खरी गोष्ट त्या गठ्ठ्याच्या तळाशी होती.

आस्ट्रिडची आजी, जिच्या मांडीवर बसून ती नॉर्वेजियन शिकली, तिचं नाव मारित होतं. गावात तिचा मोठा मान होता. नॉर्वेत जन्मून जहाजाने आलेल्यांपैकी ती शेवटची उरलेली. चर्चच्या समारंभात तिला पहिल्या बाकावर बसवायचे, पोरं तिच्याभोवती जमायची आणि ती जहाजाची गोष्ट सांगायची. दोरखंडांना डांबराचा वास कसा यायचा, डोलकाठीवर पांढरे पक्षी कसे बसायचे, आईच्या शालीतून तिला ते कसे दिसायचे. तिच्या थडग्यावर तिचा जन्म नॉर्वेत झाल्याचं कोरलेलं आहे. आस्ट्रिडला लहानपणापासून माहीत असलेली ही एवढीच गोष्ट.

"पत्रातली मारित जर कोठारात होती," आस्ट्रिडने विचारलं, "तर मी कुणाच्या मांडीवर बसत होते?"

तीन दिवस तिने दार उघडलं नाही. मी बेल वाजवली की आतून आवाज यायचा, आज नको. चौथ्या दिवशी तिने स्वतःच बोलावलं. दिवे सगळे लावलेले होते. गठ्ठ्यात एकच पत्र उरलं होतं, आणि ते वाचायचं की न वाचता जाळायचं, हे ती तीन दिवस ठरवत होती. अमेरिकेतल्या तिच्या चुलतभावाशीही ती फोनवर बोलली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: आजीची गोष्ट सगळ्या गावाची गोष्ट आहे, ती मोडून कुणाचं भलं होणार आहे, तेवढी पत्रं बाजूला काढ. त्याचं चुकतंय असं मला वाटलं नाही. मी आस्ट्रिडला तसं सांगितलंही.

"त्या पोरीला दीडशे वर्षं बाजूलाच काढलंय," ती म्हणाली. "वाच."

मी वाचलं. अर्धंच पान होतं. वाक्यं छोटी, अक्षर घाईचं. मी थांबत थांबत उच्चारत होते आणि आस्ट्रिड प्रत्येक वाक्यानंतर, न विचारता, इंग्रजीत सांगत होती. बर्फ वितळला. उलेने झाडाखाली खणलं आणि मला तिकडे बघू नको म्हणाला. मी त्याला म्हटलं, खणायची काय गरज. काल पहाटे मारित जागी झाली. ती खूप लहान होऊन आली आहे, पण तीच आहे. दूध पिते. मोठ्याने रडते. आई, सगळं ठीक आहे.

एवढंच. त्या हिवाळ्यात गुनहिल्डला दिवस गेलेले होते, हे एकाही पत्रात नव्हतं. वसंतात दुसरी मुलगी झाली, आणि आईने तिला पहिलीचं नाव दिलं, पहिलीचं वय दिलं, पहिलीचं जहाज दिलं. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवण्याची पद्धत त्यांच्यात होतीच. पण इथे नुसतं नाव नव्हतं. उलेनेही पुढे कधी काही म्हटलं नसावं. पहिलीचा बाप्तिस्मा नॉर्वेत झाला होता, म्हणून दुसरीचा झालाच नाही. वयाच्या मानाने पोर लहान दिसते असं लोक म्हणायचे, हे आस्ट्रिडने आपल्या आईकडून ऐकलेलं होतं. आणि त्या पोरीने, आयुष्यभर, कधीही न पाहिलेल्या समुद्रावरचे पक्षी आठवले.

मी कागद खाली ठेवला. आस्ट्रिड वाट बघत बसलेली.

"पुढे?" तिने विचारलं.

पुढे काही नाही, मी म्हटलं, पान संपलं.

"पण तू अजून एक वाक्य वाचलंस."

मी वाचलं नव्हतं. मी कागद तिच्या हातात दिला, मग परत घेतला, उलटून पाहिला, दिव्यासमोर धरला. 'सगळं ठीक आहे'च्या खाली कोरा कागद होता. आस्ट्रिड म्हणाली, तू म्हणालीस, ती अजून थंड आहे. तुझ्याच आवाजात. ते वाक्य आधीच्या पत्रांत अनेकदा आलं होतं. सवयीने माझ्या तोंडून निघालं असेल, किंवा तिच्या कानांनी स्वतःच जोडलं असेल. आम्ही दोघींनी असंच म्हटलं. मी उठून किटली लावली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. प्रेस उघडून कप काढताना माझ्या लक्षात आलं की मी ओठ घट्ट मिटून धरले आहेत.

संस्थेच्या फॉर्मवर व्यक्तींची नावं लिहायची होती. मी पहिल्या मारितची नोंद लिहिली. जन्म नॉर्वे, मृत्यू डकोटा, वय वर्षाच्या आतबाहेर. कागदावर तिचा मृत्यू त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला गेला. दुसऱ्या ओळीवर मी पेन्सिल टेकवली आणि विचारलं, आजीचं काय लिहू.

आस्ट्रिड म्हणाली, "मारितच लिही. दुसरं आहे काय? तिला स्वतःचं नाव कुणी ठेवलंच नाही." आणि थोड्या वेळाने, जरा कोरड्या आवाजात, "ती मला म्हणायची, मला माझ्या आईची भीती वाटायची. मी जेवताना, खेळताना ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी उठून जाईन. ऐकताना मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांची बडबड."

डिसेंबरच्या सुरुवातीला ट्रंक गेली. पत्रं करड्या पुठ्ठ्याच्या फायलींत, दाण्यांच्या पुड्या वेगळ्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा. कुरियरच्या माणसाने ती उचलली तेव्हा, केवढी हलकी आहे, म्हणाला. आस्ट्रिड दारात उभी राहून गाडी गेली त्या दिशेच्या किंचित डावीकडे बघत राहिली.

चुलतभाऊ तिच्याशी पुढे वर्षभर बोलला नाही. मग त्याचा निरोप आला की तो जुन्या शेतावर जाऊन आला. झाड नाही, कोठार नाही, सगळा मका. कुठे उभं राहायचं तेच कळेना, म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून थोडा वेळ बसलो, असं त्याने लिहिलं होतं. मी ते आस्ट्रिडला वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली नाही, पण त्या दिवशी तिने मला थांबवून घेतलं आणि आम्ही पत्ते खेळलो. तिला पत्ते दिसत नव्हते. मी तिचे तिला सांगायचे आणि मग विसरल्याचं नाटक करायचे.

यंदा मार्चमध्ये आस्ट्रिड गेली. मला दुसरी नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडे शनिवारी जायचे, आणि शनिवारी अजून पाय तिच्या फाटकाशी रेंगाळतात. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांनी मागच्या खोलीची भिंत पाडली.

नोव्हेंबर इथे मृतांचा महिना. गावातल्या चर्चची पाकिटं घराघरांत टाकतात. आत एक कागद असतो, त्यावर आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची. ती महिनाभर वेदीजवळ ठेवतात आणि एका दुपारी मोठ्याने वाचतात. दरवर्षी ते पाकीट मी रद्दीत टाकते. यंदा उघडलं. आस्ट्रिडचं नाव लिहिलं. त्याखाली मारित लिहिलं, कोठारातल्या मारितसाठी. त्याखालची ओळ कोरी ठेवली आणि तिच्याखाली माझ्या बाबांचं नाव लिहिलं, म्हणजे ती ओळ सुटलेली नाही हे दिसावं.

दोन दिवसांनी चर्चच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. तिसऱ्या ओळीवरचं नाव राहिलंय का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहिलेलं नाही. ती ओळ एका माणसाची आहे. त्या म्हणाल्या, बरं, फादरना सांगते.

गेल्या रविवारी तीन वाजता मी जाऊन शेवटून दुसऱ्या बाकावर बसले. चर्च निम्मं भरलेलं, ओल्या कोटांचा वास. माझ्या बाकावर एकच म्हातारी बाई होती, आयरिश, अनोळखी. आमच्या दोघींच्या मध्ये तिने आपली बाजाराची पिशवी ठेवली होती. नावं संपता संपत नव्हती. मर्फी, बर्न, ओ'ब्रायन, पुन्हा बर्न. फादरचा आवाज एका सुरात चाललेला. मग आस्ट्रिड आली. मग मारित, त्यांनी त्या नावाचा उच्चार जवळजवळ बरोबर केला.

आणि मग ते थांबले. पूर्ण एक श्वास, कदाचित दोन. कुणी खोकलंही नाही.

तेवढ्यात शेजारच्या म्हातारीने, समोर बघतच, आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकून, कुणीही आलेलं नसताना, बाकावर आमच्या मध्ये जागा करून दिली.